प्लग-इन हायब्रिड मोटारगाडी

पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही साधने असलेली, आणि जिची बॅटरी घरच्या सॉकेटवर किंवा चार्जिंग स्टेशनवर बाहेरून भरता येते, अशी मोटारगाडी. बॅटरी बाहेरून भरता येणे हाच तिचा मुख्य विशेष. सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर आज दिसणाऱ्या ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या हायब्रिड आवृत्त्या या वर्गात येत नाहीत. त्यांची बॅटरी एका युनिटापेक्षाही कमी वीज साठवते, आणि ती सगळी वीज शेवटी पेट्रोलातूनच आलेली असते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी साधारण ८ ते २० युनिटांची असते. तेवढ्यात गाडी इंजिन सुरू न करता ४० ते १०० किलोमीटर जाते.

टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानमध्ये आली आणि हायब्रिड गाड्या सर्वसामान्य बाजारात उतरल्या. मोठ्या संख्येने बनलेली पहिली प्लग-इन हायब्रिड म्हणजे चीनच्या बीवायडी कंपनीची एफ३डीएम, डिसेंबर २००८ मधली. दोन वर्षांनी अमेरिकेत शेव्हरोले व्होल्ट आली.

आतली रचना सगळ्यांची सारखी नसते. एका प्रकारात चाके फक्त मोटर फिरवते आणि इंजिन जनरेटर चालवून वीज पुरवते. दुसऱ्यात इंजिन आणि मोटर दोन्ही चाकांना जोडलेली असतात. आजच्या बऱ्याच गाड्यांत या दोहोंचा मेळ असतो. शहरात मोटर पुढे असते आणि महामार्गावर एका ठरावीक वेगानंतर इंजिन थेट चाकांना जोडले जाते, कारण त्या वेगाला इंजिन सर्वांत काटकसरीने चालते. रात्रभर चार्ज करून गाडी बाहेर काढली की ती आधी बॅटरी वापरते. बॅटरी एका खालच्या पातळीला आली की इंजिन सुरू होते, आणि तिथून पुढे गाडी साध्या हायब्रिडसारखी वागते. बॅटरी पूर्ण रिकामी कधीच होऊ दिली जात नाही. मात्र चार्ज शिल्लक असतानाही ॲक्सिलरेटर जोरात दाबला, तर अनेक गाड्यांत इंजिन मदतीला येते.

उतारावर किंवा ब्रेक लावताना मोटर उलट काम करते. चाके तिला फिरवतात आणि ती वीज तयार करून बॅटरीत भरते. याचा हिशेब सातारा जिल्ह्यातल्या पसरणी घाटात नीट मांडता येतो. वाई आणि पाचगणी यांच्या उंचीत साधारण पावणेसहाशे मीटरचा फरक आहे. माणसांसह १९०० किलो वजनाची गाडी तेवढी वर चढवायला, केवळ उंचीपोटी, सुमारे ३ युनिट ऊर्जा लागते. टायरचे घर्षण, हवेचा अडथळा आणि यंत्रातली गळती धरली, तर चढताना बॅटरीतून ४ युनिटांच्या वर जातात. उतरताना यातले दीड-एक युनिट परत मिळते, म्हणजे सपाटीवरचे आठ-नऊ किलोमीटर. साध्या पेट्रोल गाडीत हीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. घाटातला हा परतावा प्लग-इन हायब्रिडचा खरा गुण आहे आणि डोंगराळ जिल्ह्यात त्याला किंमत आहे.

पण घाटाची दुसरी बाजूही आहे. पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर लावून बॅटरी काठोकाठ भरली आणि सकाळी तसेच उतरायला लागले, तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. मग काही गाड्या इंजिन फिरते ठेवून वेग आवरतात, बाकीचा भार ब्रेकवर येतो. म्हणून उतरण्याआधी बॅटरी थोडी रिकामी ठेवावी. चढणीला याच्या उलट: साताऱ्याहून निघून वाईपर्यंतच चार्ज संपवला, तर घाट एकट्या इंजिनाला ओढावा लागतो. ते छोटे असेल तर भरल्या गाडीत दम कमी पडतो. व्होल्टमध्ये यासाठी डोंगरी रस्त्याचा वेगळा मोडच होता, तो चढणीपुरता चार्ज राखून ठेवत असे. आजच्या गाड्यांत ‘सेव्ह’ किंवा ‘होल्ड’ बटण हेच काम करते.

फायद्याचे गणित सगळे रोजच्या फेऱ्यांवर उभे आहे. सांगलीच्या विश्रामबागेत राहून मिरजेला कामाला जाणाऱ्याची धावपळ दिवसाला ३० किलोमीटरची धरू. त्याला पाच-साडेपाच युनिट लागतील. युनिटला दहा-बारा रुपये धरले तरी खर्च पन्नास ते सत्तर रुपये. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला दोन लिटर, म्हणजे दोनशेच्या वर. एकदम पुण्याला जायची वेळ आली, तरी वाटेत चार्जर शोधावा लागत नाही, टाकी भरून निघता येते. एकच गाडी परवडणाऱ्या घराला ही सोय फार मोलाची आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, हे मात्र धरून चालावे. गाडीचे महिन्याला दीडशेच्या वर युनिट घरच्या मीटरवर आले की वापर वरच्या टप्प्यात सरकतो. १५ अँपिअरच्या चांगल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर १२ युनिटांची बॅटरी साधारण पाच तासांत भरते. फास्ट चार्जरची गरज सहसा पडत नाही, आणि कित्येक मॉडेलांत तो चालतही नाही.

हे सारे दारात सॉकेट असलेल्यांसाठी. सांगलीच्या गावभागात किंवा साताऱ्याच्या जुन्या पेठांत गाडी रस्त्यावर लावली जाते, आणि रस्त्यावरून वायर ओढणे धोक्याचे आहे. चार्ज न केलेली प्लग-इन हायब्रिड म्हणजे शे-दीडशे किलोची बॅटरी उगाच वाहून नेणारी पेट्रोल गाडी. युरोपात नेमके हेच उघड झाले. गाड्यांनी स्वतः नोंदवलेल्या इंधनवापरावरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये सांगितले, की प्रत्यक्ष रस्त्यावरचे त्यांचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यांच्या सुमारे साडेतीन पट आहे. लोक अपेक्षेपेक्षा फार कमी चार्ज करत होते. त्यामुळे कंपनीने छापलेला लिटरमागे अमुक किलोमीटरचा मोठा आकडा पाहून गाडी निवडू नये.

उलट रोज नेमाने चार्ज करणाऱ्याची अडचण वेगळी. त्याच्या टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते. आपल्याकडे आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्या इथेनॉलचा काही वाटा सांगली-साताऱ्यासारख्या ऊसपट्ट्यातून येतो. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पेट्रोलची वाफ बाहेर जाऊ नये म्हणून अनेक प्लग-इन गाड्यांच्या टाक्या बंदिस्त असतात, आणि पेट्रोल फार जुने होऊ नये म्हणून काही गाड्या मधूनमधून आपणहून इंजिन चालवतात. टाकी अर्धीच ठेवून अधूनमधून पेट्रोल संपवणे बरे.

भारतात २०२५ पर्यंत विकल्या गेलेल्या प्लग-इन हायब्रिड बहुतेक आलिशान वर्गातल्या होत्या: बीएमडब्ल्यू आय८, व्होल्वो एक्ससी९० टी८, बीएमडब्ल्यू एक्सएम. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांनुसार मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के जीएसटी आहे, चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडवर १८ टक्के, आणि निव्वळ विजेच्या गाडीवर फक्त ५. प्लग-इनला वेगळी सवलत नाही. रोज चार्ज करणाऱ्याच्या हातात ही गाडी बहुतांशी विजेवर चालते, तरी कर साध्या हायब्रिडचाच लागतो. हे न्याय्य नाही.

दुरुस्तीत दोन्ही जगांचा खर्च येतो. इंजिनाचे ऑइल, फिल्टर, कूलंट चुकत नाही, आणि बॅटरी, इन्व्हर्टर यांची तपासणी वरून असते. नारिंगी आवरणाच्या केबलींतून शेकडो व्होल्ट खेळत असतात, त्यामुळे नेहमीच्या गॅरेजवाल्याने त्यांना हात लावू नये. आलिशान गाडी असेल तर अशा कामासाठी साताऱ्याच्या मालकाला सहसा पुणेच गाठावे लागते.