स्वादुपिंडाच्या आजारातून होणारा मधुमेह : वर्गीकरण कसं बदलत गेलं

निपाणी, चिकोडी, खानापूर भागात कुणाच्या पोटात खडा निघाला म्हटलं की ऐकणारा तो मूतखडाच समजतो. स्वादुपिंडातही खडे होतात, ते वर्षानुवर्षं कळा आणतात आणि पुढे त्यातूनच ‘शुगर’ लागते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मग अशा रुग्णाच्या फाईलवर सहज ‘टाइप टू’ पडतं. वय कमी आणि अंग वाळलेलं असेल तर ‘टाइप वन’. दोन्ही चूक. आणि ही चूक आजची नाही.

खरं तर मधुमेहाचा माग पहिल्यांदा लागला तो स्वादुपिंडापाशीच. १७८८ साली थॉमस कॉली या इंग्रज वैद्याने मधुमेहाने गेलेल्या एका रुग्णाच्या स्वादुपिंडात खडे असल्याची नोंद केली. १८८९ मध्ये मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिन हाती आलं, आणि सगळं लक्ष ते तयार करणाऱ्या पेशींवर गेलं. पचनाचा रस बनवणारा उरलेला मोठा भाग पोटाच्या डॉक्टरांकडे राहिला. साखर एकाकडे, पोट दुसऱ्याकडे, ही वाटणी तेव्हापासूनची.

ही दोन टोकं पुन्हा जोडली गेली उष्ण प्रदेशात. १९५९ साली झुइडेमा यांनी इंडोनेशियातले कुपोषित, स्वादुपिंडात खडे असलेले मधुमेही रुग्ण मांडले. त्यानंतर केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी असे शेकडो रुग्ण पाहिले : दारू न पिणारे, गरीब, लहानपणापासून पोटदुखी आणि ऐन तारुण्यात मधुमेह. केरळच्या गरिबांचं अन्न म्हणजे कसावा, म्हणजेच टॅपिओका. त्यातल्या सायनाइडवर संशय गेला. (आपला उपवासाचा साबुदाणाही त्याच कंदाचा; पण तो बनवताना विषारी अंश बहुतेक निघून जातो, तेव्हा खिचडीवर राग नको.) पुढे कसावा न खाणाऱ्या भागांतही हा आजार सापडला आणि तो संशय फिका पडला. या शतकाच्या सुरुवातीला भारतीय रुग्णांमध्ये ‘स्पिंक-वन’ या जनुकातला बदल मोठ्या प्रमाणात दिसला. कुपोषण हे कारण की पचन बिघडल्याचा परिणाम, हा वाद तर त्याच्याही आधीपासून चालू आहे.

वर्गीकरण या वादामागून फरफटत गेलं. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘कुपोषणाशी संबंधित मधुमेह’ असा स्वतंत्र वर्ग केला आणि खड्यांचा मधुमेह त्यात घातला. १९९९ मध्ये तो वर्गच रद्द झाला. खड्यांचा प्रकार ‘स्वादुपिंडाच्या आजारांमुळे होणारा मधुमेह’ या सदरात गेला. तिथे दारूमुळे येणारी सूज, शस्त्रक्रिया, कर्करोग, सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार, हे सगळे शेजारी. अमेरिकी मधुमेह संघटनेच्या यादीत हे सदर तिसऱ्या गटात ‘सी’ क्रमांकावर होतं, म्हणून ‘टाइप थ्री-सी’. यादीतल्या क्रमांकावरून पडलेलं हे नाव रुग्णाला काहीच सांगत नाही. ‘स्वादुपिंडाचा मधुमेह’ म्हटलेलं बरं. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने मान्य केलेला कुपोषणाचा ‘टाइप फाइव्ह’ वेगळा, त्याच्याशी याची गल्लत नको.

निदानाचे निकष २०१३ मध्ये एवाल्ड आणि ब्रेत्सेल यांनी सुचवले : पाचकरस कमी पडतो, स्कॅनमध्ये स्वादुपिंड बिघडलेलं दिसतं, आणि टाइप वनच्या अँटिबॉडीज (शरीर स्वतःच्याच इन्शुलिनच्या पेशींवर उलटल्याची रक्तातली खूण) नाहीत, तिन्ही हवेत. पण शौचातलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचं एक पाचक एन्झाइम, जुन्या टाइप वन, टाइप टूमध्येही कमी येतं, म्हणून त्या एकाच आकड्यावर शिक्का मारता येत नाही. ती तपासणी तालुक्याच्या गावी सहज होण्यातलीही नव्हे. खडे मात्र अनेकदा पोटाच्या साध्या एक्स-रेत किंवा सोनोग्राफीत दिसतात.

सीमाभागात अडचण वेगळीच. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तरी दवाखान्याची वाट बेळगावबरोबर मिरज-कोल्हापूरकडेही राहिली. पोटदुखीचा जुना रिपोर्ट एका गावात, शुगरची फाईल दुसऱ्या गावात, आणि दोन्ही एकाच टेबलावर क्वचितच येतात. निपाणी तर तंबाखूचं गाव. दारूप्रमाणेच धूम्रपानही स्वादुपिंडाची जुनाट सूज वाढवतं, आणि विडीही त्यातच आली. म्हणून शुगरच्या रुग्णाला विचारायचे प्रश्न साधे आहेत : कळ पाठीत जाते का, शौच तेलकट होऊन भांड्याला चिकटतं का, खाऊनही वजन उतरतं का.

उत्तर ‘हो’ आलं आणि तपासणीत निदान पक्कं झालं, तर उपचारही बदलतात. या आजारात साखर वर आणणारं ग्लुकागॉन हे संप्रेरकही घटतं, त्यामुळे इन्शुलिनवर साखर अचानक खाली जाऊ शकते. जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. आणि पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह लागला, सोबत वजनही झपाट्याने उतरलं, तर गोळ्या सुरू करून थांबायचं नसतं. स्वादुपिंडाचा कर्करोग नाही ना, हे स्कॅन करून पाहावं लागतं.