१७ डॉलरची गिटार: लॉरेटा लिनच्या गाण्यांमागची पार्श्वभूमी

१९७५ च्या सुरुवातीला गायिका लॉरेटा लिनचं 'द पिल' हे गाणं आलं आणि अमेरिकेतल्या कितीतरी कंट्री, म्हणजे तिथल्या ग्रामीण वळणाच्या लोकप्रिय संगीताच्या, रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला. एकामागून एक बाळंतपणं काढलेली बाई नवऱ्याला सांगते, आता माझ्या हातात गोळी आहे, तू बाहेर मजा मारायची आणि मी घरात अडकून पडायचं, हे आता चालायचं नाही. गाणं इतकंच. गर्भनिरोधक गोळीला तिथे १९६० मध्येच परवानगी मिळाली होती. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहितांचा आणि १९७२ मध्ये अविवाहितांचाही गर्भनिरोधनाचा हक्क मान्य केला होता. तरीही १९७२ मध्ये मुद्रित झालेलं हे गाणं रेकॉर्ड कंपनीने १९७५ पर्यंत बाहेर काढलं नाही. शब्द मूळचे लॉरीन अ‍ॅलन आणि इतरांचे. पण ते लॉरेटा लिनच्या तोंडी इतके खरे का वाटले, हे कळायला तिच्या माहेरापासून सुरुवात करावी लागते.

केंटकीतल्या डोंगरांमध्ये व्हॅन लिअर नावाचं कोळसा कंपनीने वसवलेलं गाव आहे. त्याच्या वरच्या अंगाला बुचर हॉलर ही घळ. १४ एप्रिल १९३२ रोजी लॉरेटा तिथे जन्मली, आठ भावंडांतली दुसरी. वडील टेड वेब कोळशाच्या खाणीत राबायचे आणि जोडीला थोडी शेती करायचे. आईच्या तोंडी डोंगरातली जुनी कथागीतं असायची. शनिवारी रात्री बॅटरीवरच्या रेडिओवर, कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातला 'ग्रँड ओल ऑप्री' हा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. गाण्याचं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

जानेवारी १९४८ मध्ये तिचं ऑलिव्हर लिनशी लग्न झालं. सगळे त्याला डू म्हणत. लग्नाच्या वेळी ती १३ वर्षांची होती, असं वर्षानुवर्षं छापून येत होतं, पण २०१२ मध्ये सापडलेल्या कागदपत्रांवरून ती १५ वर्षांची होती हे स्पष्ट झालं. माझ्या मते त्याने फारसा फरक पडत नाही. १५ वर्षांची गरोदर मुलगी माहेरापासून हजारो किलोमीटरवर, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेली आणि विशी ओलांडताना चार मुलांची आई होती. पुढे जुळ्या मुली झाल्या, म्हणजे एकूण सहा. गोळीचं गाणं तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९५३ मध्ये डूने सियर्स या दुकानातून १७ डॉलरची हार्मनी कंपनीची गिटार आणली. लॉरेटा आपली आपणच वाजवायला शिकली आणि गाणी रचू लागली. डू दारू पिणारा, बाहेरख्याली. तरी बायकोच्या गळ्यावर पहिला विश्वास त्याचाच होता. हा गुंता लॉरेटाने कधी सोडवून दाखवला नाही, तो तसाच गाण्यांत उतरवला.

टॅकोमातल्या एका टीव्ही कार्यक्रमात तिला ऐकून व्हँकुव्हरच्या एका लाकूड व्यापाऱ्याने पैसे घातले आणि १९६० मध्ये 'आय अ‍ॅम अ होंकी टोंक गर्ल' ही पहिली तबकडी निघाली. ती वाजवून घ्यायला नवरा-बायको मोटारीने एकेक रेडिओ केंद्र गाठत निघाले. रात्री गाडीतच झोपायचे. त्या उन्हाळ्यात गाणं बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री यादीत १४ व्या क्रमांकावर पोचलं आणि ऑक्टोबरमध्ये लॉरेटा स्वतः ऑप्रीच्या मंचावर उभी राहिली.

नॅशव्हिलमध्ये तिला आधार दिला तेव्हाची नावाजलेली गायिका पॅट्सी क्लाइनने. १९६१ मध्ये मोटार अपघातात जखमी होऊन पॅट्सी रुग्णालयात होती, तेव्हा लॉरेटाने रेडिओवर तिचंच गाणं तिच्यासाठी गायलं. पॅट्सीने नवऱ्याला पाठवून तिला बोलावून घेतलं. ही मैत्री दोन वर्षंही टिकली नाही, १९६३ मध्ये विमान कोसळून पॅट्सी गेली. जुळ्यांपैकी एकीचं नाव पॅट्सीच आहे.

लॉरेटाच्या आधी कंट्रीत बायकांची बाजू मांडणारं गाणं नव्हतं असं नाही. १९५२ मध्ये गायिका किटी वेल्स तसं गाणं गाऊन पहिल्या क्रमांकावर पोचली होती आणि लॉरेटाचा तो आदर्श होता. पण ते गाणं लिहिलं होतं पुरुषाने. लॉरेटा स्वतः लिहीत होती. एका कार्यक्रमाच्या वेळी रडवेली बाई भेटली, नवरा दुसरीच्या नादी लागलाय म्हणाली. ती दुसरी बघून लॉरेटा म्हणाली, तुझा नवरा न्यायची तिची ताकद नाही. त्याचंच १९६६ चं गाणं झालं. पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला दाराशी अडवणारं गाणं तिने बहीण पेगी स्यूबरोबर लिहिलं आणि पुढच्या वर्षी त्यामुळे ती प्रथमच पहिल्या क्रमांकावर आली. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोच्च कलाकार पुरस्कार पहिल्यांदा एका स्त्रीला मिळाला, ती लॉरेटाच.

म्हणून बंदी येऊनही 'द पिल' कंट्री यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं. सरकारी पत्रकांनी झालं नाही ते या गाण्याने केलं, असं खेड्यांतले डॉक्टर आपल्याला सांगत, असं ती पुढे सांगायची.

'कोल मायनर्स डॉटर' (खाणकामगाराची लेक) हे तिचं स्वतःच्या बालपणावरचं गाणं १९६९ मध्ये मुद्रित झालं तेव्हा निर्माते ओवेन ब्रॅडली यांनी लांबतंय म्हणून तिला काही कडवी गाळायला लावली होती. वडील दहा वर्षांपूर्वी वारले होते, त्यांनी लेकीचं काहीच पाहिलं नाही. २००४ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तिने रॉक संगीतकार जॅक व्हाइटबरोबर 'व्हॅन लिअर रोझ' हा अल्बम केला आणि त्याला दोन ग्रॅमी मिळाल्या. त्याचं शीर्षकगीत आईच्या तरुणपणावर आहे: गावातली सगळ्यांत देखणी मुलगी आणि तिला जिंकणारा खाणकामगार. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी टेनेसीतल्या हरिकेन मिल्सच्या घरी झोपेतच लॉरेटा गेली, तेव्हा ती ९० वर्षांची होती.