वेट्सुवेटेन मुलूख, वायुवाहिनी आणि १९९७चा अर्धवट निकाल

आपल्या मुलखातून जाणाऱ्या नैसर्गिक वायूच्या वाहिनीला कॅनडातल्या वेट्सुवेटेन आदिवासींनी केलेल्या विरोधाची बातमी बहुतेकांपर्यंत पोहोचली ती २०२० च्या फेब्रुवारीत, देशभर रेल्वे अडवल्या गेल्या तेव्हा. वाद त्याआधीचा आहे. ब्रिटिश कोलंबिया या त्यांच्या प्रांताच्या बहुतांश भागात गोऱ्यांनी आदिवासींशी करार न करताच वस्ती केली. ज्या मेजवानीसभांत कुळांच्या जमिनीचे हक्क जाहीर होत, त्यांवर १८८५ ते १९५१ बंदीच होती.

वेट्सुवेटेन आणि शेजारच्या गित्क्सान समाजाच्या वंशपरंपरागत प्रमुखांनी १९८४ मध्ये मालकीचा दावा लावला. सुनावणी ३७४ दिवस चालली. वडीलधाऱ्यांनी साक्षीत कुळकथा सांगितल्या, गाणी म्हटली. १९९१ मध्ये दावा फेटाळला गेला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला: मौखिक इतिहास हा पुरावा आहे आणि जमिनीवरचा मूळ हक्क प्रांताला संपवता येत नाही. पण या जमिनीचे मालक कोण, हे मात्र न्यायालयाने ठरवलं नाही. दावा मांडण्यातल्या त्रुटींवर बोट ठेवून फेरसुनावणीचा आदेश दिला आणि वाटाघाटी करा असंही सुचवलं. फेरसुनावणी झालीच नाही. शिवाय सबळ सार्वजनिक कारणासाठी, सल्लामसलत करून, सरकारला या हक्कावर मर्यादा आणता येते, हेही त्याच निकालात आहे. आंदोलनाचे समर्थक एवढाच भाग गाळतात.

सुमारे ६७० किलोमीटरची ‘कोस्टल गॅसलिंक’ वायुवाहिनी आली ती या पोकळीत. मार्गावरच्या वीस निवडून आलेल्या आदिवासी परिषदांनी कंपनीशी करार केले, काही वेट्सुवेटेन परिषदांनीही. रोजगार हवा होता, त्यात गैर काही नाही. पण या परिषदा आदिवासींसाठीच्या १८७६ च्या कायद्याच्या चौकटीतल्या, मुख्यतः राखीव वस्त्यांचा कारभार पाहणाऱ्या. सुमारे २२,००० चौरस किलोमीटरच्या मुलखावर हक्क सांगतात ते वंशपरंपरागत प्रमुख, आणि न्यायालयात गेले होते तेही तेच. त्यांचा नकार कंपनीने ‘अंतर्गत मतभेद’ मानून बाजूला ठेवला, हे सोयीचं होतं.

२०१९च्या अखेरीस न्यायालयाने कंपनीच्या बाजूने, काम अडवणाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला. आदिवासी कायदा आपोआप कॅनडाच्या कायद्याचा भाग ठरत नाही, असं त्यात म्हटलं होतं. मग पोलीस कारवाई, अटका, रेल्वे रोको. मे २०२० मध्ये केंद्र आणि प्रांत सरकारांनी प्रमुखांशी हक्कमान्यतेचा समझोता केला. वाहिनीचा प्रश्न त्याबाहेर राहिला. तिचं बांधकाम २०२३ मध्ये पुरं झालं आणि २०२५ मध्ये ती जिथे संपते त्या किटिमाट बंदरातून द्रवरूप वायूचं पहिलं जहाज निघालं.