खरवडल्यावर दिसणारे छायाचित्र

अंबाजोगाईजवळच्या आमच्या गावातील शाळेत दहावीच्या मुलांच्या निरोप समारंभासाठी एक कल्पना निघाली: प्रत्येकाचे पहिलीतले छायाचित्र चंदेरी रंगाखाली झाकायचे आणि समारंभाच्या दिवशी ज्याने त्याने नाण्याने खरवडून कोण ते ओळखायचे. नमुना करून पाहण्याचे काम माझ्याकडे आले. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या एका प्रतीवर मी थेट ॲक्रिलिकचा चंदेरी रंग फिरवला, तो वाळू दिला आणि खरवडायला घेतला, तेव्हा रंगाबरोबर मुलाचे कपाळ आणि मागच्या भिंतीचा अर्धा भाग निघून आला. जे उरले त्यावरही शाई फुटून जांभळे ओघळ उतरले होते.

चूक माझीच होती, पण ती बोलकी होती. ॲक्रिलिक रंगात पाणी असते आणि घरगुती इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी असते. शिवाय कागदाचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर सूक्ष्म छिद्रे असतात आणि ओला रंग त्यांत उतरून तिथेच घट्ट होतो. वाळलेल्या रंगाला दोन ठिकाणी पकड असते, एक खालच्या थराशी आणि दुसरी स्वतःच्याच कणांत. खरवडताना यांपैकी जी पकड कमजोर असेल ती आधी सुटते. माझ्या नमुन्यात दोन्ही पकडी कागदाच्या तंतूंपेक्षा मजबूत निघाल्या, म्हणून फाटला तो कागद.

तेव्हा छायाचित्र आणि रंग यांच्यामध्ये काहीतरी असे हवे की ज्याला रंग नीट धरणार नाही. घरात हे काम लॅमिनेशन किंवा पार्सलला लावायची रुंद पारदर्शक चिकटपट्टी करते. काही जण छायाचित्रावर पांढरी मेणबत्ती घासतात. थंडीत तेही चालते, परंतु मेणबत्तीचे पॅराफिन साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडू लागते, हे लक्षात घेतले तर परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या मेणाच्या कार्डांचे काय होईल ते सांगायला नको. मी चिकटपट्टीच निवडली.

इथे एक नवी अडचण उभी राहते. चिकटपट्टी पॉलिप्रॉपिलीनची असते आणि पाण्याला तिच्यावर पसरणे आवडत नाही. अळूच्या पानावर थेंब जसे गोळा होऊन राहतात, तसा पातळ रंग ब्रशच्या मागे तुटक तुटक आकसतो. याचे कारण पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आकसून राहण्याची ओढ, हे आहे. तो मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, तर पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला स्वतःवर पसरवून घेण्याची ओढ, त्याच मापात ३० च्या आसपास भरते. हा फरक मोडण्यासाठी रंगात भांडी घासायचे लिक्विड घालतात, दोन भाग रंगाला एक भाग या प्रमाणात. साबणाने पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि रंग सपाट पसरतो. मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते की तोच साबण पुढे नेमके उलटे काम करतो. ॲक्रिलिक रंग वाळतो म्हणजे पाणी उडून जाते, त्यात तरंगणारे प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांवर दाबले जातात आणि जुळून त्यांचा सलग पापुद्रा बनतो. साबण मात्र उडून जात नाही. तो कणांच्या सांध्यांत आणि पापुद्र्याच्या तळाशी अडकून राहतो, त्यामुळे जोड कच्चा राहतो. साबण कमी पडला तर रंग लांब रबरी पट्ट्यांनी निघतो, जास्त झाला तर कार्ड वाकवताच तडकतो. बेतात असेल तर नाण्याखाली खोडरबराच्या चुऱ्यासारख्या करड्या गोळ्या जमतात, आणि ते दिसले की प्रमाण जमले असे समजावे.

झाकणे हा मात्र वेगळाच प्रश्न आहे, कारण तो चिकटपणाचा नसून प्रकाशाचा आहे. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचे माप) सुमारे २.७ आणि भोवतालच्या ॲक्रिलिकचा १.५ असल्यामुळे प्रत्येक कणापाशी प्रकाश वाट बदलतो आणि बराचसा मागे फेकला जातो. चंदेरी रंगातील चकचकीत चपटे कण माशाच्या खवल्यांप्रमाणे एकमेकांवर आडवे पडतात व आरशासारखा प्रकाश परतवतात. तरीही दोन हात दिलेल्या माझ्या रंगाच्या थरामागे मोबाईलचा टॉर्च धरला तेव्हा मुलाचे काळे केस आणि शर्टाची कॉलर अंधूक दिसलीच. मध्ये एक हात काळा दिल्यावर हा प्रकार थांबला, कारण काळ्या रंगातील काजळी प्रकाश परतवत बसत नाही, गिळून टाकते.

व्यावसायिक छपाईतही हीच युक्ती आहे. खरवडण्याचे पहिले सुरक्षित लॉटरी तिकीट १९७४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात विक्रीला आले. ते बनवणाऱ्या दोघांपैकी जॉन कोझा हे पुढे संगणकशास्त्रातील ‘जेनेटिक प्रोग्रॅमिंग’साठी, म्हणजे उत्क्रांतीच्या धर्तीवर संगणकाकडूनच प्रोग्रॅम घडवून घेण्याच्या पद्धतीसाठी, ओळखले गेले. अशा तिकिटात आकड्यांवर आधी निसटते वार्निश, मग काजळीचा अपारदर्शक थर आणि वर रबरासारख्या लवचीक माध्यमातला चंदेरी थर असतो. पानटपरीवर उभ्या उभ्या नखाने खरवडलेले रिचार्जचे कूपन याच कुळातले.

छायाचित्राच्या बाबतीत कशाने खरवडायचे तेही पाहावे लागते. एक आणि दोन रुपयांची हल्लीची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत आणि त्यांच्या कडेने चिकटपट्टीवर कायमच्या रेघा उठतात. पाचाचे पितळी नाणे त्यामानाने बरे, नख सर्वांत सौम्य. खरवडणे चालते ते एवढ्याचसाठी की वरचा थर खालच्यापेक्षा मऊ ठेवलेला असतो.

आमच्याच मराठवाड्यात, अजिंठ्याला, हा क्रम उलटा पडला होता. निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, चेक्कोनी आणि ओर्सिनी यांनी, चित्रे टिकावीत म्हणून त्यांच्यावर लाखेचे रोगण दिले. लाख जुनी होत गेली की तिचे रेणू एकमेकांत गुंततात, ती पिवळसर-तपकिरी होते आणि ज्या अल्कोहोलमध्ये ती सुरुवातीला सहज विरघळली होती त्याला दाद देईनाशी होते. खाली मातीच्या गिलाव्यावरचा ठिसूळ रंग आणि वर त्याहून चिवट लाख. मध्ये निसटता थर कुणी दिलेला नव्हता, आणि खरवडले असते तर माझ्या नमुन्यासारखे चित्रच हाती आले असते. म्हणून पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते रोगण निवडक द्रावकांनी मऊ करून, थोड्या थोड्या जागेवरून काढत जावे लागले.