अळीला सवय लागत नाही

दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू झाली, की विदर्भ-मराठवाड्यातून गुलाबी बोंडअळीच्या बातम्या येऊ लागतात आणि ‘अळीला बीटीच्या विषाची सवय झाली’ हे वाक्य त्यांत हमखास असते. वाक्य पटण्याजोगे वाटले, तरी ते चूक आहे. बीटी कापसावर, म्हणजे जिवाणूचे अळीनाशक विष बनवणारे जनुक घातलेल्या कापसावर, पोसू पाहणारी सर्वसाधारण अळी थोड्याच दिवसांत मरते. सवय लावून घेण्याइतके आयुष्यच तिच्या वाट्याला येत नाही. बदलते ती एखादी अळी नव्हे, तर पिढ्यानपिढ्या बदलत जाते अळ्यांच्या संपूर्ण समुदायातील जनुकांचे प्रमाण.

बीटी कापसातील विषारी प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, मग आतड्याच्या पेशींना छिद्रे पडतात आणि अळी मरते. कॅडहेरिनच्या जनुकात बिघाड झाला, की विषाला नीट चिकटायला जागाच राहत नाही. असे बिघाड डीएनएची नक्कल होताना आपसूक घडतात. समोर विष आहे की नाही, याच्याशी त्यांचा संबंध नसतो. मात्र हा बिघाड अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत मिळाली, तरच अळी वाचते.

सारी गंमत या अटीत आहे. समजा, हजारांतील एक प्रत बिघडलेली आहे. मग 10 लाख अळ्यांमधील 20 लाख प्रतींपैकी 2,000 बिघडलेल्या असतील. पण दोन्ही प्रती बिघडलेली अळी सरासरी एकच निघेल, कारण एक हजारांश गुणिले एक हजारांश म्हणजे 10 लाखांत एक. उरलेल्या 1,998 प्रती तितक्याच अळ्यांत एकेकट्या, चांगल्या प्रतीच्या आड दडलेल्या असतात. सगळीकडे बीटीच असेल, तर ती एक अळी तेवढी जगते, आणि दूरदूरच्या शेतांत वाचलेले असे मोजके पतंग एकमेकांशीच जुगले, तर त्यांची सगळी संतती प्रतिकारक होते. याउलट शेजारी साध्या कापसाच्या ओळी असतील, तर तेथून निघालेल्या असंख्य साध्या पतंगांपैकीच कोणाशी तरी त्या विरळ पतंगाची गाठ पडण्याची शक्यता अधिक. त्यांच्या पिल्लांना एकेकच बिघडलेली प्रत मिळते आणि ती बीटीवर मरतात.

म्हणूनच आपल्याकडे बीटीच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे, पण ते फारसे पेरले गेले नाही. दोन-तीन एकरांच्या धन्याने त्यातल्या काही ओळी जाणूनबुजून अळीच्या तोंडी द्याव्यात, ही अपेक्षा मुळातच अवघड होती, त्यामुळे सारा दोष शेतकऱ्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. अमेरिकन बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगत असल्यामुळे तिच्या साध्या पतंगांना शेजारच्या पिकांत आयता आसरा मिळतो. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ कापसावरच जगते, आणि फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात उभे ठेवले, की तिच्या पिढ्यांचा क्रमही लांबतो. 2002 मध्ये एका जनुकाच्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांचा आला. गुजरातमधील प्रतिकारक अळ्यांची वार्ता 2010 मध्ये जाहीर झाली, आणि 2017 मध्ये महाराष्ट्रात दोन जनुकांच्या कापसावरही या अळीने हाहाकार माजवला. याला ‘निसर्गाचा सूड’ म्हणणारे आणि त्याआधी ‘अळीपासून कायमची सुटका’ म्हणून बियाणे विकणारे, दोघेही एकच गोष्ट विसरतात : निसर्गाला हेतू नसतो आणि जनुकीय विविधता संपत नसते.

चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात नकळत एक मोठा प्रयोग घडला. तेथील शेतकऱ्यांनी बीटी आणि साध्या कापसाच्या संकराची दुसऱ्या पिढीची सरकी पेरली. मेंडेलच्या नियमाप्रमाणे त्यातली सुमारे एक चतुर्थांश झाडे बीटीविना निघाली आणि शेतभर विखुरली गेली. गुलाबी बोंडअळीत वाढू लागलेले प्रतिकारक अळ्यांचे प्रमाण त्यानंतर चक्क घटले.