परिचारिकेचे व्यावसायिक उत्तरदायित्व

रुग्णाच्या बाबतीत आपण जे केले, आणि जे करायला हवे असून केले नाही, त्या दोहोंबद्दल परिचारिकेने स्वतः जाब देण्याची बांधिलकी. (या नोंदीत ‘परिचारिका’ या शब्दात पुरुष परिचारकही येतात.) हा जाब न्यायालयात, नोंदणी करणाऱ्या परिषदेपुढे आणि नोकरी देणाऱ्या संस्थेपुढे द्यावा लागू शकतो. ‘डॉक्टरांनी लिहिले होते म्हणून दिले’ एवढा बचाव कुठेच पुरत नाही. डोस चुकीचा वाटत असेल तर तो न देता आधी विचारून घेणे हे तिचे कामच आहे.

हा विचार सावकाश रुजला. १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे रचलेल्या, नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिज्ञेत डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन होते. परिचारिकांच्या नोंदणीचा जगातला पहिला स्वतंत्र राष्ट्रीय कायदा न्यूझीलंडने १९०१ मध्ये केला. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली नीतिसंहिता स्वीकारली. ज्याला परिचर्येची गरज आहे त्या माणसाशी आपली पहिली बांधिलकी आहे, हे तिच्या १९७३ च्या सुधारणेत स्पष्ट झाले. २०२१ मध्ये संहिता पुन्हा सुधारली गेली.

हलगर्जीपणा म्हणजे नेमके काय

इंग्लिश कायद्याच्या परंपरेतील न्यायव्यवस्थांत त्यासाठी चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते पाळले गेले नाही, रुग्णाचे नुकसान झाले, आणि ते कर्तव्य चुकल्यामुळेच झाले. तेवढेच शिक्षण घेतलेल्या दुसऱ्या जबाबदार परिचारिकेने त्या जागी काय केले असते, हे बघून वागणे पारखले जाते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये दिलेला एक निकाल या बाबतीत मुळातून समजून घ्यावा असा आहे. फुटबॉल खेळताना पाय मोडलेल्या एका तरुणाला १९६० साली चार्ल्स्टन येथील रुग्णालयात प्लास्टर घातले गेले. लवकरच त्याला खूप दुखू लागले. बोटे सुजली, काळी पडली, पुढे गार व बधिर झाली. डॉक्टरांनी प्लास्टर आधी बोटांपाशी आणि मग थोडे वर कापले, पण ते पुरे पडले नाही आणि अखेर पाय गुडघ्याखाली कापावा लागला. परिचारिकांनी पायातला रक्तपुरवठा पुरेशा वेळा तपासला नाही, असा निष्कर्ष ज्यूरी काढू शकत होती, असे न्यायालयाने म्हटले. धोक्याची लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवणे, आणि त्यांनी काही केले नाही तर रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांना कळवणे, हे परिचारिकांचे कर्तव्य ठरते. डॉक्टरांच्या वर जाऊन सांगणे हा आगाऊपणा मानला जाई त्या काळातला हा निकाल आहे.

रक्तपुरवठ्याची ही तपासणी मिनिटाभराची असते. प्लास्टरबाहेरच्या बोटाचे नख दाबून सोडायचे. साधारण दोन ते तीन सेकंदांत ते पुन्हा गुलाबी व्हायला हवे. बोटे हलवायला सांगायची, हाताने गारवा पाहायचा, बधिरपणा विचारायचा आणि नाडी लागते का ते बघायचे. बोटे ताणल्यावर वेदना वाढत असेल आणि औषधानेही ती आटोक्यात येत नसेल, तर नाडी लागते आहे म्हणून निर्धास्त राहू नये. सुजेमुळे स्नायूंतला दाब वाढला तरी नाडी बराच वेळ लागत राहते.

नोंद

केसपेपरवर जे नाही ते झाले होते हे नंतर पटवून देणे फार अवघड जाते. ‘रुग्णाला बरे वाटते’ या शब्दांना वजन नाही. ‘२२:१०, वेदना दहापैकी तीन, नाडी ८४, ड्रेसिंग कोरडे’ याला आहे. खोडायचे असेल तर एकच आडवी रेघ, जुने अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी सही व वेळ. व्हाइटनर कधीही नको. राहून गेलेली नोंद ‘उशिरा केलेली नोंद’ असे लिहून करावी, मागच्या ओळींत घुसडू नये. फोनवरची ऑर्डर आधी लिहायची, मग वाचून दाखवायची आणि होकार घ्यायचा.

श्वास न मोजताच लिहिले जाण्याची चूक फार आढळते. वॉर्डभर सगळ्यांचे श्वसन २० लिहिलेले दिसले, की कुणीच मोजले नाही हे वकिलालाही कळते. खरे नुकसान रुग्णाचे होते, कारण प्रकृती ढासळू लागली की श्वास बहुधा आधी वाढतो. तो पूर्ण मिनिटभर मोजावा.

संमती

शस्त्रक्रियेची माहिती देऊन संमती घेणे हे शस्त्रक्रिया करणाऱ्याचे काम आहे. साक्षीदार म्हणून परिचारिकेची सही एवढेच सांगते, की याच व्यक्तीने, शुद्धीत आणि दबावाविना सही केली. रुग्णाने पेन हातात घेऊन ‘सिस्टर, नक्की काय काढणार आहेत?’ असे विचारले, तर कागद तिथेच थांबवावा आणि सर्जनना बोलवावे. नातेवाईक घाई करतात, थिएटरमधून फोन येतो, तरीही थांबावे. योग्य काय ते कळत असून यंत्रणेपायी ते करता न येण्याच्या तगमगीला अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने १९८४ मध्ये ‘नैतिक क्लेश’ असे नाव दिले.

काम सोपवणे, वर कळवणे

मदतनिसाला काम देता येते, निर्णय देता येत नाही. साखर मोजायला सांगता येईल, पण तिचा अर्थ लावणे परिचारिकेकडेच राहते. म्हणून नुसते ‘साखर बघ’ म्हणू नये. ‘७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आली तर लगेच मला सांग’ असा आकडा द्यावा. आकडा न दिल्यामुळे ५२ साखर वहीत लिहिलेली सापडते आणि कुणाला कळवलेलीच नसते.

डॉक्टरांना कळवताना स्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि मागणी हा क्रम धरावा. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली. ‘सर, सात नंबरचं बीपी ८०-५० आहे. सकाळी पोटाचं ऑपरेशन झालंय, सहाला बीपी १२०-८० होतं. आता नाडी १२८, हातपाय गार, चार तासांत लघवी ६० मिली. आत रक्तस्राव होतोय असं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा.’ शेवटचे वाक्यच बहुतेकदा गाळले जाते, आणि पलीकडून ‘बरं, लक्ष ठेवा’ येते. तसे आले तर वेळ लिहून वरिष्ठांना फोन करावा.

नेतृत्व

वॉर्डच्या इन्चार्जचे नेतृत्व ड्युटीच्या तक्त्यात दिसते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, तर शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियाने २००४ पासून किमान प्रमाण कायद्याने बंधनकारक केले. अतिदक्षता विभागात ते एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त दोन रुग्ण असे आहे. माणसे कमी असतील तर इन्चार्जने ते लेखी कळवावे. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही.

चूक झाल्यावर काय होते यावरून पुढची चूक कळेल की दडेल हे ठरते. २०१७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात गुंगी आणणाऱ्या मिडाझोलामऐवजी स्नायू लुळे पाडणारे व्हेक्युरोनियम दिले गेले आणि रुग्ण दगावला. औषधाच्या संगणकीय कपाटात मिडाझोलामच्या ‘व्हर्सेड’ या व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरे टाइप केली होती, आणि कुपीवरचा इशारा वाचला गेला नाही. परिचारिकेने चूक स्वतः कबूल केली होती. २०२२ मध्ये तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवले गेले. चूक सांगितली तर तुरुंग, अशी भीती तेव्हा जगभरच्या परिचारिकांमध्ये पसरली. ती भीती रुग्णांनाच महागात पडणारी आहे. नकळत झालेली चूक, अंगवळणी पडलेली पळवाट आणि जाणूनबुजून घेतलेला धोका यांना वेगवेगळे वागवले पाहिजे.

चूक कळताच आधी रुग्णाकडे जावे, नाडी, बीपी, श्वास बघावे, डॉक्टरांना सांगावे. रिकामी कुपी, सिरिंज, सलाईनचा सेट फेकू नये. तपासात त्यांचाच उपयोग होतो. काय दिले, किती वाजता आणि पुढे काय केले एवढे केसपेपरवर लिहावे. दोष कुणाचा ते तिथे लिहू नये. घटनेचा वेगळा अहवाल त्याच शिफ्टमध्ये द्यावा. रुग्णाला किंवा घरच्यांना खरे काय ते डॉक्टरांसोबत बसून सांगावे. इन्चार्जने पहिला प्रश्न ‘पेशंट कसा आहे?’ हा विचारावा, आणि त्या परिचारिकेकडचे बाकीचे रुग्ण काही तासांसाठी दुसरीकडे द्यावेत. थरथरत्या हातांनी पुढचे इंजेक्शन भरले जाऊ नये.