अर्ली डिसिजनचा निकाल येईपर्यंत थांबू नका
अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाला अर्ज करणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

पालकहो,

आम्ही अमेरिकेतल्या प्रवेशांसाठी मार्गदर्शन करतो. नोव्हेंबर उजाडला की आमचे फोन वाजू लागतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो: "ब्राऊनचा अर्ज गेला. आता निकाल येईपर्यंत बाकीचं थांबवलं तर चालेल ना?" चालणार नाही. का चालणार नाही, हे फोनवर घाईघाईत सांगून पटत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे. मुलाला किंवा मुलीलाही वाचायला द्या.

अर्ली डिसिजनची पद्धत तुम्हाला माहीत आहे. १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज, डिसेंबरच्या मध्यावर निकाल, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं. तसं वचन विद्यार्थी, पालक आणि शाळा असे तिघे सही करून देतात. कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक नसतो, तिथे ही सही प्राचार्य किंवा उपप्राचार्य करतात. त्या कागदाचा अर्थ त्यांना आधी समजावून सांगा. नुसता शिक्का मारून घेऊन येऊ नका.

या वाटेने जायचा मोह का होतो, ते आकडेच सांगतात. डिसेंबर २०२४ च्या निकालात ब्राऊनकडे आलेल्या अर्ली डिसिजनच्या ५,०४८ अर्जांपैकी ९०६ जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे शंभरात अठरा. त्याच वर्षी सगळे अर्ज धरले तर ४२,७६५ पैकी २,४१८ जण निवडले गेले. अर्लीवाले बाजूला काढले, तर नेहमीच्या फेरीच्या (रेग्युलर डिसिजनच्या) मार्चअखेरच्या निकालात शंभरातल्या जेमतेम चौघांना जागा मिळाली. हे पाहून पालक म्हणतात, "मग अर्लीत चौपट संधी!" एवढा सरळ हिशेब नाही. अर्लीच्या गठ्ठ्यात विद्यापीठाच्या संघांसाठी आधीच हेरलेले खेळाडू असतात आणि पूर्ण तयारीने उतरलेली मुलं जास्त असतात. अर्लीचा फायदा होतो, पण कच्चा अर्ज त्याने पक्का होत नाही. आणि अठरांना प्रवेश मिळाला याचा दुसरा अर्थ असा, की ब्याऐंशी जणांना त्या दिवशी मिळाला नाही.

या ब्याऐंशी जणांसाठीच आमचा आग्रह आहे. निकाल साधारण १५ डिसेंबरच्या आसपास लागतो. नेहमीच्या फेरीचे बहुतेक अर्ज १ ते ५ जानेवारीच्या दरम्यान बंद होतात. मध्ये उरतात दोन-अडीच आठवडे. यादीत आठ विद्यापीठं असतील आणि प्रत्येकाचे दोन-तीन सप्लिमेंट एसे, म्हणजे त्या विद्यापीठाने विचारलेल्या प्रश्नांवरचे छोटे निबंध, धरले, तर वीसेक एसे होतात. त्यातच इकडे बारावीची प्रिलिम तोंडावर आलेली असते. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांचे अर्ज तर नोव्हेंबरअखेरीसच बंद होतात. ब्राऊनच्या निकालाची वाट पाहत बसलात तर बर्कली आणि लॉस एंजेलिस यादीतून आपोआप गेलीच.

मागे एक आई आणि मुलगा निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आमच्या दारात उभे होते. रात्रभर जागे होते, ते डोळ्यांवरून दिसत होतं. मुलाने लॅपटॉप उघडला. अकरा विद्यापीठांच्या नावाने अकरा फाइली केलेल्या होत्या. प्रत्येक फाइलमध्ये वर प्रश्न चिकटवलेला आणि खाली कोरं पान. मुलगा हुशार, गणितात पक्का, लिहायचाही छान. पण आदल्या रात्री नकार आलेल्या मुलाला सकाळी "तुम्हाला आमचंच विद्यापीठ का हवं?" या प्रश्नाचं उत्तर मनापासून लिहिता येत नाही. पहिले तीन दिवस त्याच्याकडून एक परिच्छेदही झाला नाही. त्यात मार्कशीटची एक जुनी प्रत हवी होती, तर महाविद्यालयाचं कार्यालय नाताळात बंद. अकरापैकी पाच अर्ज वेळेत गेले. बाकीचे सहा आम्हीच नको म्हणालो, कारण तसे अर्ज पाठवण्यात अर्थ नव्हता.

त्या वर्षापासून आम्ही नियम केला. १० डिसेंबरपर्यंत नेहमीच्या फेरीतल्या निदान सहा विद्यापीठांचे एसे दुसऱ्या खर्ड्यापर्यंत आलेले हवेत, मग अर्ली कुठेही भरलेलं असो. काही पालकांना हे जाचक वाटतं. "प्रवेश मिळाला तर ही सगळी मेहनत वाया," असं ते म्हणतात, आणि ते खरंही आहे. मिळाला तर ते एसे कुणी वाचणार नाही. पण ते लिहून मुलाचा हात बसतो. आणि नाही मिळाला, तर ती एक वाईट सकाळ मुलाला मोकळी मिळते, कामाला दुसऱ्या दिवशी लागलं तरी चालतं. १६ डिसेंबरनंतर आम्ही नवीन विद्यार्थी घेत नाही, तेही याच कारणाने. आधीपासून बरोबर असलेल्या मुलांचे ते दिवस असतात.

निकालाच्या रात्रीबद्दल थोडं. तिथे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन असतात. निकालाचं पोर्टल मुलाने स्वतः उघडावं, त्याला हवं तेव्हा. मामा, आत्या, सोसायटीचा ग्रुप यांना तारीख आधी सांगू नका, एवढी कळकळीची विनंती.

प्रवेश मिळाला, तर बाकीचे सगळे अर्ज लगेच मागे घ्यायचे. "बाकीचे काय म्हणतात ते बघू तरी" हे चालत नाही. आयव्ही लीगमधली, म्हणजे ब्राऊन ज्यात आहे त्या आठ विद्यापीठांच्या गटातली, विद्यापीठं एकमेकांकडे दिलेलं हे वचन मानतात, आणि ते मोडलं तर शाळेच्या शब्दालाही बट्टा लागतो. बारावीचा अभ्यासही सोडायचा नाही. अंतिम गुण त्यांच्याकडे जातात.

नकार आला, तर त्या वर्षी ब्राऊनला पुन्हा अर्ज करता येत नाही. तो विषय तिथेच मिटवावा.

डिफर झाला, तर गोंधळ सगळ्यात जास्त होतो. डिफर म्हणजे अर्ज नेहमीच्या फेरीत ढकलला, मार्चअखेरीस पुन्हा बघतील. वचनातून मात्र तुम्ही तेव्हाच मोकळे होता. त्यामुळे जानेवारीत दुसरीकडे अर्ली डिसिजन २ भरता येतं. ब्राऊनकडे ती दुसरी फेरी नाही, पण जॉन्स हॉपकिन्स, व्हँडरबिल्ट अशा ठिकाणी आहे. तिथे प्रवेश मिळाला तर ब्राऊनचा अर्ज मागे घ्यावा लागेल, हे घरी आधी बोलून घ्या. ब्राऊनला पाठवायचं ते एक पानाचं पत्र: आवड कायम आहे आणि नोव्हेंबरनंतर नवीन काय घडलं. शाळेकडून सहामाहीचे किंवा प्रिलिमचे गुण. एवढं पुरे. जुन्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा, आमदारांचं शिफारसपत्र, वडिलांचा फोन यांनी काही हलत नाही.

पैशांचं बोलणं सहीच्या आधी व्हायला हवं. ब्राऊनचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या पुढे, आणि वर्षं चार. २०२५ साली दाखल झालेल्या तुकडीपासून ब्राऊन परदेशी विद्यार्थ्यांनाही आर्थिक ऐपत न बघता निवडतं. त्यामुळे मदत मागितली म्हणून तिथे संधी कमी होत नाही. सगळीकडे मात्र असं नाही. मदत हवी असेल तर ती अर्जाबरोबरच मागायची. मागितलेली मदत खरोखर अपुरी पडली, तर वचनातून सुटका मिळू शकते. पण मदत मागितलीच नाही आणि एप्रिलमध्ये खर्च झेपत नाही म्हणालात, तर आमच्याही हातात काही उरत नाही. म्हणून पहिल्या बैठकीत आम्ही मुलाला थोडा वेळ बाहेर बसवून आई-बाबांशी आकड्यांवर बोलतो. त्या बैठकीचे पैसे आम्ही घेत नाही.

आमचं शुल्क ऑगस्टमध्ये ठरतं. डिसेंबरच्या घाईत ते वाढत नाही, आणि प्रवेश मिळाला म्हणून वेगळी रक्कम आम्ही घेत नाही. एसे आम्ही लिहून देत नाही. मुलाने लिहिलेलं त्याच्याबरोबर बसून वाचतो, आठ-आठ वेळा वाचतो.

या वर्षी अर्ली भरणाऱ्या मुलांनी १० डिसेंबरला येताना यादी, सगळ्या एसेंचे छापील खर्डे आणि मार्कशीटच्या सही-शिक्क्याच्या तीन प्रती आणाव्यात. प्रती नोव्हेंबरातच काढून ठेवा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालय सकाळी आठला उघडेल. निकाल काहीही असो, यायचं असेल तर या, वेळ घेण्याची गरज नाही.